भूमी दोन बोटं उरली

गल्लीत त्याला सगळे वाटाड्या म्हणायचे. वाटाड्या म्हटलं की डोळ्यांपुढे डोंगरात काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालणारा गडी येतो. हा कुठे चालायचा? घर वर, कारखाना खाली, आणि मधला जिना कारखान्याच्या पोटातच उतरणारा. साधं दूध आणायला निघालं तरी आधी भट्टीला वळसा, मग मेणाच्या टोपल्यांना, मग दारातल्या स्टुलावर ठाण मांडून बसलेल्या सासऱ्याला. सासरा विचारणार, "काय जावईबापू, कुणीकडे?" जावईबापू म्हणणार, "हा आलोच, मामा." आणि खरोखरच लगेच येणार. लग्न झाल्यापासून हा माणूस या घरातून जायचा कमी आणि यायचाच जास्त.

नाव पडलं ते कामावरून. कारखाना बुद्धमूर्तींचा. धातूची मूर्ती आधी मेणाची असते, पोटात रिकामी. मेणाच्या मूर्तीला आतून-बाहेरून मातीचे लेप चढवायचे, माती वाळली की आच द्यायची. मेण वितळून वाहून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत तापलेला धातू ओतायचा. सांगायला सोपं. पण मेणाला बाहेर पडायला वाट हवी, धातूला आत शिरायला वाट हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आत कोंडलेल्या हवेला पळून जायला वाट हवी. ती नसेल तर हवा एखाद्या कोपऱ्यात हटून बसते, धातूला जागाच देत नाही, आणि बुद्ध कानाशिवाय किंवा नाकाशिवाय बाहेर येतो. म्हणून मेणाच्या मूर्तीला जागोजागी मेणाच्या बारीक कांड्या चिकटवतात. कारखान्यात त्यांना वाटा म्हणायचे आणि त्या लावणाऱ्याला वाटाड्या. समोरचा शिंपी म्हणायचा, "या गल्लीत वाट लावणारे पुष्कळ. पण तेवढ्यासाठी पगार घेणारा हा एकटाच."

वाटाड्याचा हात असा की त्याच्या वाटेपायी एकही मूर्ती कधी बिघडली नव्हती. मेणाची मूर्ती समोर ठेवली की तो तिच्याकडे बघत नसे, डोळे मिटून तिच्या आत शिरत असे. मी हवा असतो तर कुठे अडकलो असतो, एवढंच तो स्वतःला विचारायचा. आणि अडकण्याच्या बाबतीत त्याला काय शिकवायचं!

त्याचा सासरा म्हणजे मिस्त्री. मूर्ती घडवणारा, धातू ओतणारा, कारखान्याचा मालक आणि घराचाही. वाईट माणूस असता तर प्रश्न कधीच सुटला असता. वाईट माणसाशी भांडता येतं. मिस्त्रीचा जीव होता जावयावर. जावयाला ताटात पहिलं वाढायचा, थंडीत स्वतःची शाल त्याच्या खांद्यावर टाकायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "मुलगा नाही मला, पण देवानं जावई असा दिला की दहा मुलगे ओवाळून टाकावेत." जावयानं वेगळ्या बिऱ्हाडाचा विषय काढला की मिस्त्री कधीच नाही म्हणाला नाही. "जा ना! तुमचा संसार आहे. फक्त ही एक मूर्ती होऊ दे." ती व्हायची. पण तोवर दुसरीचं मेण मळून तयार असायचं.

बायकोची तर आणखी मजा. तिचं माहेर खालच्या मजल्यावर आणि सासर वरच्या. भांडण झालं तर बिचारीला रुसून जायलाही जागा नव्हती. जिना उतरली की संपलं माहेर. वरच्या खोलीला खिडकी होती, नाही असं नाही, पण तिच्यातून हातभर अंतरावर शेजारच्या घराची भिंत दिसायची. पाऊस आला की भिंत काळी पडायची आणि ऊन पडलं की भुरी. ऋतू म्हणून जे काय होतं ते एवढंच. खालच्या भट्टीचा धूर जिन्यानं वर यायचा आणि बाहेर पडायला जागा न मिळाल्यामुळे कपड्यांत जाऊन बसायचा. मिस्त्रीचा खोकला फळ्यांमधून ऐकू यायचा, म्हणजे यांचं बोलणंही त्याला ऐकू जात असणार. त्यामुळे नवरा-बायको कुजबुजत बोलायला शिकली होती, आणि आता तर "मीठ दे" सुद्धा गुपित सांगावं तसं सांगायची.

वाटाड्यानं काही केलंच नाही असं नाही. एकदा रागानं त्यानं जेवण टाकलं. मिस्त्रीनं शेजारी सांगितलं की जावई मूर्तीचे डोळे कोरायच्या आधी उपास धरतात. एकदा तो पिशवी भरून खरोखर निघाला, थेट कोपऱ्यापर्यंत पोचला. शिंप्यानं हटकलं, "मिस्त्रीच्या खोकल्याचं औषध आणायला ना? भला माणूस!" पानवाल्यानं औषधाचं नाव सुचवलं, वाण्यानं दुसरं सुचवलं. वाटाड्या औषधाची बाटली घेऊन परत आला. भला माणूस ही पदवी राळेपेक्षा चिकट. एकदा लागली की रॉकेलनंही निघत नाही.

तरी या खेपेला गोष्ट वेगळी होती. पाण्याच्या टाकीपलीकडे, चढावर, दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. बायकोनंच शोधून काढल्या. रस्त्यावर उघडणारं स्वतःचं दार, आणि खिडकीतून मोकळं मैदान, त्यापलीकडे झाडं, त्यापलीकडे काहीच नाही. बायको त्या खिडकीपाशी उभी राहिली ती हलेना. "इथून बघा ना, नजर जाते जाते आणि कुठं आपटतच नाही," ती म्हणाली. घरमालकीण म्हातारी, एकटी, बोलघेवडी. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिनं बजावलं, "महिनाअखेरपर्यंत किल्ली तुमच्यासाठी ठेवते. मग दुसऱ्याला देईन हं." दोघांनी तिला शपथ घातली की कुणाला सांगू नका, आणि घरी येताना दोघांनाही माहीत होतं की घाई करायला हवी.

त्याच दिवशी जेवताना वाटाड्यानं हिय्या केला. "मामा, आम्ही आता वेगळं राहायचं म्हणतोय."

"राहा की!" मिस्त्री म्हणाला. "ही टेकडीवरच्या विहाराची मूर्ती होऊ दे."

"मागच्या वेळीही तुम्ही..."

"अहो, तुमच्यासारखा हात सोडून मी राहीन कसा? तुमच्या वाटेपायी एक मूर्ती बिघडवून दाखवा. त्या दिवशी खुशाल जा. तुमचं गाठोडं मी स्वतः उचलून कोपऱ्यापर्यंत आणून देईन. शब्द आहे माझा!" आणि स्वतःच्या विनोदावर तो ठसका लागेपर्यंत हसला. मुलीनं पाठ चोळली, जावयानं पाणी दिलं.

मिस्त्री विसरला. वाटाड्या विसरला नाही. घास तोंडात तसाच फिरत राहिला. इतकी वर्षं भिंतीला धडका मारत होतो, आणि दार इथं होतं तर!

विहाराची मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेतली होती. मांडी घालून बसलेला बुद्ध, डावा हात मांडीवर उताणा, आणि उजवा गुडघ्यावरून खाली सोडलेला, बोटांची टोकं जमिनीला टेकलेली. मिस्त्री ही मुद्रा घडवताना दर वेळी गोष्ट सांगायचा, ऐकणारा असो वा नसो. मोह घालणारा मार सैन्य घेऊन आला, म्हणाला, या आसनावर बसायचा तुला काय अधिकार? तुझा साक्षीदार कोण? बुद्ध वाद घालत बसला नाही, रागावला नाही. फक्त हात खाली नेला आणि जमिनीला बोटं लावली. भूमीच साक्षीला उभी राहिली. "म्हणून सांगतो, या मूर्तीत चेहऱ्यापेक्षा बोटं मोठी," मिस्त्री म्हणायचा. "कान लांब, ते राजवाड्यातली जड कुंडलं टाकून आला म्हणून. डोळे अर्धे मिटलेले, ते आत-बाहेर एकदम बघतो म्हणून. पण बोटं टेकली नाहीत तर नुसता बसलेला माणूस. आळशी म्हणा, ध्यानस्थ म्हणा, बुद्ध म्हणू नका."

मेणाचा बुद्ध तयार झाला. राळ घातलेलं तपकिरी मेण, चेहऱ्यावर असं हसू की हसतोय की नाही ते कळू नये. मिस्त्रीनं तो वाटाड्याच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसला.

इथं एक सांगायला हवं. धातू ओतताना बुद्ध उलटा असतो, डोकं खाली, बैठक वर. धातू बैठकीकडून शिरतो, आधी डोकं भरतो, मग खांदे, मग हात. जमिनीला टेकणारी बोटं उलट्या मूर्तीत सगळ्यात वर येतात आणि सगळ्यात शेवटी भरतात. हवा पळता पळता नेमकी तिथं येऊन कोंडते. त्या बोटांच्या टोकाला एक नाजूक वाट लावावीच लागते. नाही लावली तर बोटं खुंटतात. हे वाटाड्याला झोपेतही ठाऊक होतं.

त्यानं कानांना वाटा लावल्या, खांद्यांना लावल्या, गुडघ्यांना लावल्या. शेवटची कांडी गरम सुरीनं टोकाशी मऊ केली, बोटांजवळ नेली आणि थांबला. त्याला वाटलं, बुद्ध आपल्याकडे बघतोय. मग वाटलं, छे, त्याचे डोळे अर्धे मिटलेले आहेत, तो दोन्हीकडे बघतो, म्हणजे एकीकडेही धड नाही. कांडी त्यानं मुठीत दाबली. तिचा गोळा झाला. तो त्यानं मेणाच्या टोपलीत टाकून दिला आणि हात धोतराला पुसले.

"झालं?" दारातून मिस्त्री.

"झालं, मामा."

"बोट ठेवायला जागा नसेल, मला ठाऊक आहे," मिस्त्री म्हणाला, आणि बघायलाही उठला नाही. तो उठून बघेल, ओरडेल, निदान संशय घेईल, असं वाटाड्याला कुठंतरी हवं होतं. विश्वासासारखा कोंडमारा दुसरा नाही.

लेप चढवणं बायकोचं काम. लहानपणापासून तिचंच. पहिला लेप सायीसारखा पातळ, वस्त्रगाळ मातीचा. तो बोटानं, अंगठ्यानं, बाळाला तेल लावावं तसा लावायचा. मग तुसाची जाड माती, थरावर थर. वाटाड्या त्या दिवशी दुसरीकडेच कानस घासत बसला. एकदाच मान वळवली तेव्हा ती मूर्तीच्या उजव्या बाजूला वाकून बसली होती आणि तिची सावली मूर्तीवर पडली होती. त्यानं घाईनं मान फिरवली. मूर्ती मातीत बुडाली, मातीचा मोठा भोपळा झाला, आणि सावलीत वाळत पडली.

ते वाळण्याचे दिवस वाटाड्याला जड गेले. उलटसुलट विचार. एका बोटासाठी एवढं काय! धातू आहे, पुन्हा वितळेल. मग वाटायचं, भूमीला साक्षीला बोलवायचं ते बोट आपण कापलं, आता आपल्या बाजूनं साक्ष द्यायला कोण येणार? मग बायकोचं ते वाक्य आठवायचं, नजर कुठं आपटतच नाही. जेवताना मिस्त्री त्याच्या ताटात जास्तीचं वाढायचा आणि घास घशात अडकायचा. त्या वाटेला कुणी कांडी लावली नव्हती.

ओतायचा दिवस उजाडला. साचा तापवून मेण काढून टाकलं, रिकामा साचा भाजला, उलटा करून वाळूत घट्ट बसवला. भट्टीत धातू वितळवायची मूस लाल झाली, मग पिवळी. मूस मिस्त्री कुणाच्या हाती देत नसे. सांडशीत ती धरून तोच ओतायचा. वाटाड्याचं काम एकच: वाटांच्या तोंडांकडे बघत राहायचं, आणि वर धातू चमकला की ओरडायचं, "आली!" ते ऐकल्यावरच मिस्त्री हात काढायचा.

मिस्त्रीनं मूस उचलली. धार सुरू झाली. साच्यातून फुसफुस आवाज यायला लागला, हवा बाहेर पडत होती. वाटाड्याला वाटांच्या तोंडांकडे बघवेना. तो स्वतःच्या पायांकडे बघत उभा राहिला. आता ती हवा बोटांपाशी पोचली असेल. आता तिला कळलं असेल की पुढं काही नाही. त्याचा स्वतःचाच श्वास अडकला. तेवढ्यात धार थांबली. त्यानं वर पाहिलं. मिस्त्री मूस बाजूला नेत होता, आणि मुशीतला उरलेला धातू त्यानं वाळूत उपडा केला. वाळूवर त्याची चपटी, लाल चकती पसरली आणि हळूहळू काळी पडली. मिस्त्री दंड चोळत स्टुलावर जाऊन बसला.

साचा फोडायला नेहमीसारखी गल्ली जमली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? शिंपी तर सुई सदऱ्याला खोचूनच आला. हातोडीनं मातीचे तुकडे निघाले, मान दिसली, खांदा दिसला, चेहरा दिसला, कुणीतरी हात जोडले. मग उजवा गुडघा, मनगट, पंजा. आणि बोटं अर्ध्यातच संपलेली, टोकं वितळलेल्या मेणबत्तीसारखी गोल. बैठकीची कडही त्या बाजूला खाल्ल्यासारखी. जमीन आणि बोटं यांच्यामध्ये लख्ख फट.

शिंप्याला गप्प राहणं जमत नाही, त्याचा तो आजारच. "स्वर्ग दोन बोटं उरला असं ऐकलं होतं," तो म्हणाला. "इथं भूमीच दोन बोटं उरली की!"

वाटाड्यानं पाठ केलेलं वाक्य होतं. ते त्यानं म्हणून टाकलं. "मामा, चूक माझी आहे. बोटांची वाट मी लावली नाही."

"गप्प बसा," मिस्त्री म्हणाला.

"खरं सांगतो. लावलीच नाही. मुद्दाम नाही लावली."

"मुद्दाम!" शिंप्यानं छातीवर हात ठेवला. "ऐकलंत? म्हातारा खचू नये म्हणून हा माणूस कुठल्या थराला जातोय बघा. स्वतःच्या नावाला काळं फासून घेतोय! असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

"अहो, मी शपथेवर सांगतो..."

"शपथही घेतोय!" वाण्याची बायको पदर डोळ्यांना लावून म्हणाली.

मिस्त्री उठला. चालत मूर्तीपाशी आला, खुंटलेल्या बोटांवरून त्यानं स्वतःचं बोट फिरवलं. "जावईबापू, तुमच्या भलेपणालाही काही मर्यादा ठेवा. तुम्ही 'आली' म्हणाला नव्हता. मी तुमच्या हाकेकडे कान लावून होतो. दंडात कळ आली आणि हाक यायच्या आधीच मी हात काढला. तो बघा धातू, वाळूत पडलाय. तो या बोटांत असायला हवा होता. वाट असून काय करील? देणाऱ्यानंच हात आखडता घेतला."

वाटाड्या त्या काळ्या चकतीकडे बघत राहिला. सगळ्यांनी पाहिली होती ती. त्यानं तर सगळ्यांच्या आधी पाहिली होती.

"कळ पहिल्यांदा आली नाही," मिस्त्री हलक्या आवाजात म्हणाला. "मागच्या दोन मूर्ती नशिबानं निभावल्या. सांगायची लाज वाटली." मग त्यानं कोपऱ्यातली सांडशी आणली, मोठी, दांड्यांवर त्याच्या बोटांचे खड्डे पडलेली, आणि जावयाच्या हातात दिली. "आजपासून मूस तुमची. कारखानाही तुमचाच. नाही म्हणू नका. तुम्ही कधी नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही."

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. सांडशी जड होती. वाटाड्यानं ती धरून ठेवली, कारण खाली ठेवायला कुठं जागाच नव्हती, सगळीकडे माणसं.

लोक पांगले. मिस्त्री मागच्या खोलीत जाऊन आडवा झाला. बायको खाली बसून साच्याचे तुकडे गोळा करत होती. ती माती कुटून पुन्हा वापरतात. तिनं एक तुकडा वेगळा काढून ठेवला होता. तो तिनं नवऱ्याच्या हातात दिला. आत बुद्धाच्या बोटांचे ठसे उलटे उमटलेले, आणि मधल्या बोटाच्या टोकापासून निघालेलं बारीक, गोल, काजळी धरलेलं भोक. वळून गुडघ्याच्या वाटेला आतल्या आत जाऊन मिळालेलं. बाजूला भाजलेल्या मातीत अंगठ्याचा ठसा.

"ही कुठली?" तो म्हणाला.

"बोटांची वाट."

"मी लावली नव्हती."

"ठाऊक आहे. मी लावली."

तो तिच्याशेजारी मातीत बसला. "मी विसरलो असं वाटलं तुला?"

"आधी तसंच वाटलं. मग तुमचं तोंड बघितलं. कानस घासत होता, पण उलटी धरली होती." तिनं तुकडे टोपलीत टाकले. "तुम्हाला विसरायला जमत असतं तर आपण सुखी नसतो का झालो?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुठं बोलू? इथं भांडायचं म्हटलं तरी आधी वेगळी खोली हवी."

"तुला जायचं नाही का?" त्याचा आवाज सवयीनं कुजबुजीतच होता. "खिडकी... ते मैदान..."

"जायचंय! तुमच्यापेक्षा जास्त जायचंय. तुम्ही लग्न करून इथं अडकलात, मी तर जन्मालाच इथं आले." ती पदरानं हात पुसत म्हणाली. "पण दारातून जायचंय. बुद्धाची बोटं तोडून त्या भोकातून सरपटत नाही."

त्यानं तुकडा पुन्हा उलटून बघितला. म्हणजे वाट होती. धातूही होता. नव्हतं ते म्हाताऱ्याच्या दंडात बळ. इतक्या वर्षांत एक पाप करायला निघालो, तेही आपल्याच्यानं धड झालं नाही, आणि कबूल केलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला हसू आलं की रडू, ते त्या मेणाच्या चेहऱ्यासारखंच कळेना.

"आता बाबांना सांगा बघू वेगळं राहायचं," ती म्हणाली. "आज सांगा. सरळ."

"आज? दंड धरून पडलेल्या माणसाला?"

"बघा," ती म्हणाली, आणि टोपली उचलून गेली.

महिना संपत आला तशी चढावरची घरमालकीण काठी टेकत स्वतःच कारखान्यात उगवली. दारातच मिस्त्री स्टुलावर. आता त्याला काम नव्हतं, त्यामुळे दार अगदीच अडलेलं. म्हातारीनं शपथ पाळली, पण फक्त उंबऱ्यापर्यंत. "तुमचे जावई-लेक मागेच दोन खोल्या बघून गेलेत. छान उजेडाच्या. घेणार की नाही? मला आपलं सांगून टाका."

आतून वाटाड्यानं ऐकलं. हातातली कानस खाली पडली. झालं. एकदाची फुटली हंडी. त्याला घाबरायलाही झालं आणि मोकळंही वाटलं; आता तरी म्हातारा विचारील, रागावेल, काहीतरी होईल.

मिस्त्री स्टुलावरून उठला. डोळे भरलेले. "जावईबापू!" तो म्हणाला. "माझा दंड गेलाय हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं, तेव्हाच तुम्ही माझ्या निवृत्तीची सोयसुद्धा करून ठेवली? गुपचूप?"

"मामा, त्या खोल्या..."

"उजेडाच्या! म्हाताऱ्याला धूर सोसत नाही हे ओळखलंत. बोलू नका, काही बोलू नका. तुमच्या तोंडून थोरवी ऐकायची नाही मला, ती डोळ्यांनी दिसतेय."

समोरून शिंप्यानं आपलं यंत्र थांबवलं आणि ओरडून विचारलं, "काय झालं हो?" आणि उत्तराची वाटही न बघता गल्लीभर सांगत सुटला.

बायको जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली असती, बाबा, त्या खोल्या आमच्यासाठी होत्या. तोंडाशी आलंही होतं. पण घरमालकिणीनं दिलेली किल्ली म्हातारा उन्हात धरून बघत होता, नवीन खेळणं मिळाल्यासारखी, आणि लहानपणापासून तिनं त्याला असं काही घेताना पाहिलं नव्हतं. ती बापाचं गाठोडं बांधायला खाली गेली.

मिस्त्री निघाला तेव्हा त्याचा शब्द मात्र उलटा पाळला गेला. त्याचं गाठोडं जावयानं उचललं आणि कोपऱ्यापर्यंत नव्हे, थेट चढावर नेऊन दिलं. म्हाताऱ्यानं स्टूल बरोबर घेतलं. खिडकीपाशी ठेवलं, बसला, आणि लांबवर बघत म्हणाला, "अरेच्चा! नजर जातेच आहे की!" वाटाड्या परत निघाला. उतारावर पायांना कुणी अडवलं नाही, तरी पाय आपोआप कारखान्याकडेच वळले.

मूर्ती मोडायची गरज पडली नाही. खुंटलेल्या बोटांना खाच पाडून त्यांच्यावरच नवीन मेणाची बोटं घडवली, हाताभोवती छोटा साचा बांधला. वाट बायकोनं लावली. नवऱ्यानं पाहिली, मान हलवली. मूस त्यानं उचलली. "आली!" ती ओरडली, तेव्हाच त्यानं हात काढला. साचा फोडला, कानस मारली, आणि मूर्ती फळीवर सरळ बसवली. बोटं टेकली. त्यानं कागदाचा तुकडा मध्ये सरकवून बघितला. कागद आत जाईना. भूमी साक्ष द्यायला आली असेल, नसेल. वाटाड्यानं तिला काही विचारलं नाही. मूर्तीच्या पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या आणि धान्य भरून, खालून तांब्याचा पत्रा ठोकून ती बंद केली. आत गेलं ते गेलं. विहाराचे लोक मूर्ती घेऊन गेले आणि जाताना दुसरीचं काम सांगून गेले.

बायको रोज दुपारी चढावर बापाकडे जाते. जाते बापासाठीच, पण खिडकीपाशी बसते. परवा ती पिशवी घेऊन जिना उतरली, भट्टीला वळसा घातला, मेणाच्या टोपल्यांना वळसा घातला. दारात वाटाड्या उपड्या खोक्यावर दंड चोळत बसला होता. सांडशी जड, नवशिक्याचा हात, दुखायचाच.

"काय गं, कुणीकडे?" त्याच्या तोंडून गेलं.

ती थांबली. त्याच्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं. "आपण कधी जायचं?" तिनं विचारलं, आणि या वेळी ती कुजबुजली नाही. आता घरात ऐकायला कुणी नव्हतंच.

"ही मूर्ती होऊ दे," वाटाड्या म्हणाला, आणि जीभ चावली. पण शब्द बाहेर पडले होते.

समोर शिंपी हसला तो सुई गिळता गिळता वाचला. ती हसली नाही. नेहमीचं "आलेच" सुद्धा म्हणाली नाही. पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यावरून वळली, आणि दिव्यालागणीपर्यंत वाटाड्या दारात बसून तिची वाट बघत राहिला.